अनीशची फाईल कुठे ठेवायची

अनीश गेला तेव्हा विनेश रडला नाही, आणि जीवना कोळीवाड्यात त्याची बरीच चर्चा झाली. तेराव्याला गेला, पानावर बसला, वाढलं ते खाल्लं, "येतो काकू" म्हणाला आणि तिथून सरळ बंदरावर जाऊन सदाच्या बोटीवरचा बंद पडलेला फिशफाइंडर, मासे दाखवणारं यंत्र, खोलून बसला.

"पोरगा दगड झालाय," त्याची आई नीराबाई बोंबील वाळत घालता घालता शेजारणीला म्हणाली.

"काम करतोय ना? मग असू दे," बाप शिवदास म्हणाला. विषय तिथेच संपला.

अनीश कसा गेला ते सांगायला फार लागत नाही. म्हसळ्याहून येताना वळणावर बाईक घसरली. एवढंच. पुढे सांगण्यासारखं काही नाही.

या दोघांची दोस्ती कशी जमली हे श्रीवर्धनात कुणालाच धड कळलं नव्हतं. अनीश सुपारीच्या वाडीवाल्यांचा, पुण्यात इंजिनियर होऊन तिथली नोकरी सोडून परत आलेला. विनेश नववीतून शाळा सोडलेला. मास्तरांनी एक दिवस वर्गाबाहेर काढलं, तो परत आत गेलाच नाही. अनीशला बोट लागायची. धक्का सुटला की ओकायला सुरुवात. तरी यायचा. ओकून झालं की तोंड पुसून विचारायचा, "हां विन्या, आता बॅटरी किती दाखवते?" तिथेच विनेशचं मन बसलं. एवढे हाल होऊन परत परत येणारा माणूस त्याने दुसरा बघितला नव्हता.

दोघांनी मिळून एक पेटी बनवली होती, बोटीवर लावायची. तिच्यात एकच चिप, पण ती बरीच कामं करायची. बॅटरी चार्ज करायची. वेळ सांभाळायची. संकटाचं लाल बटण तिच्यावर, दिवे तिच्यावर. आणि पेटी मध्येच गोठली तर तिला आपोआप बंद करून परत चालू करणारा पहारेकरीही त्याच चिपमध्ये. त्याला वॉचडॉग म्हणतात. त्याला सारखं 'मी जागा आहे' असं कळवत राहायचं, कळवलं नाही की तो पेटीचा गळा धरतो.

पेटी चालायची लिनक्सवर, कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका फुकट प्रणालीवर. लिनक्सच्या पोटात जो गाभा असतो त्याला कर्नेल म्हणतात, आणि चिपशी कसं बोलायचं ते कर्नेलला सांगणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. हा ड्रायव्हर अनीशने लिहिला होता. एकच फाईल, लांबलचक. पण ती कर्नेलच्या बाहेर होती. त्यामुळे नवं कर्नेल आलं की फाईल मोडायची आणि अनीश परत बसून जोडायचा. तीच फाईल कर्नेलच्या आत घेतली तर कटकट संपली. आतलं जे असतं ते जगभरची माणसं सांभाळतात.

"एकदा आत गेलं ना विन्या," अनीश म्हणायचा, "की आपण दोघं मेलो तरी पेट्या चालतील."

हे वाक्य विनेशला अधूनमधून आठवायचं. आठवून काही व्हायचं नाही. आठवायचं आणि जायचं.

फाईल आत घ्या म्हणून अनीशने मेल पाठवला होता. उत्तर आलं ते तो गेल्यावर.

अनीशची आई सरोजिनीकाकू शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. त्यांनी विनेशला बोलावून घेतलं. लॅपटॉप ओटीवरच्या टेबलावर तसाच उघडा होता.

"वाचलं मी," काकू म्हणाल्या. "इंग्रजी शब्द सगळे कळतात. माणूस काय म्हणतोय ते कळत नाही. रागावलाय का रे तो अनीशवर?"

विनेशचं इंग्रजी मशिनच्या चुकांचे निरोप वाचून वाचून तयार झालेलं. त्याने मेल दोनदा वाचला. कर्नेलमध्ये प्रत्येक फोल्डरला एक सांभाळणारा असतो. विनेश त्याला राखणदार म्हणायचा, गावाच्या वेशीवर असतो तसा. अनीशने फाईल पाठवली होती एमएफडी नावाच्या फोल्डरला. एका चिपमध्ये चार कामं असली की तिच्यासाठी ते फोल्डर. आणि तिथला राखणदार म्हणत होता की ही फाईल इथे बसत नाही. एमएफडी म्हणजे अडगळीची खोली नव्हे. घड्याळाचा कोड घड्याळांच्या फोल्डरात न्या, चार्जरचा चार्जरच्या, दिव्यांचा दिव्यांच्या. जे सगळ्यांना मिळून लागतं तेवढंच इथे ठेवा. आणि शेवटी एक ओळ होती, भरती-ओहोटीचं गणित कर्नेलमध्ये काय करतंय?

"रागावला न्हाय काकू," विनेश म्हणाला. "फाईल तोडायला सांगतोय."

"तोडायला?"

"तुकडे करा, वेगवेगळ्या ठिकाणी टाका, म्हनतोय."

काकू खुर्चीवर टेकल्या. "म्हणजे त्याने केलं ते चुकलं?"

"काय चुकलं न्हाय. मी तोडू देनार न्हाय."

त्याने तिथेच बसून उत्तर लिहिलं. एक चिप, एक पेटी, एक फाईल. बोटीवर एकच खलाशी जाळं ओढतो, भात शिजवतो आणि इंजिनही बघतो, त्याचे कोण तुकडे करत नाही. लिहिणारा माणूस मेला आहे. फाईल आहे तशी घ्या. पाठवून दिलं.

राखणदाराचं उत्तर छोटं होतं. तुमचा मित्र गेला याचं वाईट वाटलं. कोड तरीही इथे बसत नाही.

विनेशने दुसरा दरवाजा वाजवला. ज्याचं कुठेच जमत नाही ते ठेवायचं म्हणून कर्नेलमध्ये आणखी एक फोल्डर आहे. तिथल्या बाईने दुसऱ्याच दिवशी कळवलं, यातल्या प्रत्येक कामाला स्वतःचं घर आहे, ज्याला घर आहे त्याला इथे का आणता?

"साले सगळे एका माळेचे," विनेश म्हणाला. पण रागही नीट येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं.

मग समुद्रावरून तक्रारी यायला लागल्या. शिवदासच्या बोटीवरची पेटी चालता चालता मरायची आणि परत उठायची. उठेपर्यंत दिवे गेलेले.

"तुझी ती पेटी उचकी लागल्यासारखी करते," शिवदास म्हणाला. "काल पलीकडच्या बोटीचा तांडेल बोलला, शिवदासची बोट डोळा मारते."

"बघतो मी."

"अनीश असता तर..."

"बघतो म्हनलं ना, बाबा!"

बघत होता, पण सापडत नव्हतं. अनीशची फाईल त्याने इतक्या वेळा वाचली की ओळी पाठ झाल्या. चूक अनीशच्या ओळीत असेल असं त्याच्या डोक्यातच येत नव्हतं. तो वायरी बदलत राहिला.

लॅपटॉप काकूंकडे होता आणि तिथून उचलावा असं त्यांनाही वाटेना, त्यालाही. म्हणून विनेश रोज वाडीत जायचा. वैशाखाचे दिवस, सुपारीला पाणी जास्त लागतं. अनीशचे वडील, ज्यांना सगळं गाव दादा म्हणतं, ते झोपाळ्यावर बसलेले असायचे. झोपाळा हलायचा नाही. मुलगा गेल्यापासून वाडीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. झाडांच्या आळ्यात माती फुटलेली.

"विनेश, जाताना पंप जरा चालू कर हो," काकू एका सकाळी म्हणाल्या. "आज आपली पाळी आहे."

पाळी म्हणजे काय ते त्याने विचारलं नाही. कोळ्याच्या पोराला वाडीचं पाणी काय माहीत. त्याला एवढंच दिसलं की अनीशची झाडं तहानली आहेत आणि बघणारं कोणी नाही. त्याने पंप लावला, पाटाचं तोंड खालच्या बाजूला वळवलं आणि ठरवलं, आज शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचल्याशिवाय बंद करायचा नाही. मग ओटीवर येऊन फाईल उघडून बसला.

दुपारी कुंपणाच्या फाटकातून देवदत्तकाका आत आले. दादांचे चुलतभाऊ, शेजारची वाडी त्यांची. लुंगी वर खोचलेली, चेहरा लाल.

"विहीर कोणी उपसली?"

दादांनी मान वर केली.

"मी विचारतोय, विहीर कोणी उपसली? पंप चिखल ओकतोय! माझी जायफळाची रोपं उभी आहेत तिकडे, आणि पाणी चाखून बघ, मचूळ लागतंय!"

विनेश उठला. "मी लावलाय पंप. काकूंनीच सांगितलं, आज आपली पाळी हाय म्हणून."

"पाळी म्हणजे सगळी विहीर पिऊन टाकायची का रे? तुम्हाला काय, दाराशी अख्खा समुद्र आहे. उपसायची हौस असली तर तो उपस जा!"

"ओ काका, कोळ्यांपर्यंत..."

"कोळ्यांचं नाव कोणी काढलं?"

"देवदत्त." दादा झोपाळ्यावरून उठले होते. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा. "त्याला माहीत नव्हतं. पाळी काय ते सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं नाही."

देवदत्तकाकांनी खोचलेली लुंगी खाली सोडली. दादा चालत विहिरीपर्यंत गेले, विनेश मागोमाग. पंप बंद केला. खाली गढूळ पाणी आणि ओल्या दगडांवर बेडूक.

"समुद्र इथून किती लांब आहे?" दादांनी विचारलं.

"ह्या माडांच्या पलीकडं."

"हां. तर खाली सगळं खारंच आहे. गोडं पाणी वर तरंगतं, सायीसारखं. थोडं उपसायचं, सोडायचं, की ते परत भरतं. मग दुसऱ्याने थोडं घ्यायचं. एकच माणूस धरून बसला की साय जाते आणि खालचं खारं वर येतं. मग कोणालाच नाही." त्यांनी वाडीकडे हात केला. "झाडं आमची आमची. माझी सुपारी मी कशी वाढवतो त्यात देवदत्त तोंड घालत नाही. विहीर तेवढी दोघांची."

"आता किती दिवस मचूळ?"

"येईल परत गोडी. थांबायचं."

"चुकलो दादा."

"हो. चुकलास," दादा म्हणाले, आणि खराटा घेऊन पाट साफ करायला लागले.

विनेश ओटीवर आला. बसला. काही ठरवून त्याने केलं असं नाही, पण हात फाईलच्या खाली खाली गेला, बॅटरीच्या भागापर्यंत. बॅटरी मोजायची तर चिपला थोडा वेळ लागतो. अनीशने काय केलं होतं, मोजायला सुरुवात करताना चिपला कुलूप घातलं होतं आणि मोजणं पूर्ण होईपर्यंत काढलंच नव्हतं. तेवढ्या वेळात दुसरं कोणी चिपकडे आलं तर बाहेर उभं. घड्याळ उभं, दिवे उभे. आणि वॉचडॉगला 'मी जागा आहे' कळवणारा भागही उभा. बॅटरी जुनी असली की मोजायला जास्त वेळ, आणि शिवदासच्या बोटीवरची बॅटरी जुनी होती. वॉचडॉगला वाटायचं पेटी मेली. मग तो मारायचा.

सगळं एकाच फाईलमध्ये होतं म्हणून हे झालं होतं. कुणाचं कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं तेच नव्हतं. जो आत शिरला तो सगळ्यांच्या वतीने कुलूप लावून बसला. राखणदार जे मागत होता त्यात हे होऊच शकलं नसतं. चिपशी बोलायची वाट तेवढी सामाईक, ती एमएफडीत. एक वाचलं की कुलूप उघडलं, पुढच्याने यायचं. बाकी प्रत्येकाचं काम प्रत्येकाच्या घरी.

अनीश चुकला होता. विनेशने हे वाक्य मनात एकदा म्हणून बघितलं. काही झालं नाही. परत म्हटलं. तरी काही नाही.

"च्यायला," तो म्हणाला, आणि पहिला तुकडा कापला.

घड्याळ काढून घड्याळांच्या फोल्डरात नेलं. चार्जर, दिवे, बटण, वॉचडॉग, एकेक करून. प्रत्येक फोल्डरात दुसऱ्या चिपांचे तसलेच ड्रायव्हर आधीपासून होते. ते बघून बघून त्याने तुकडे बसवले. काही ठिकाणी अनीशच्या दहा ओळींच्या जागी दोन पुरल्या, कारण उरलेलं त्या फोल्डरात कोणीतरी आधीच सगळ्यांसाठी करून ठेवलेलं. प्रत्येक ओळ पुसताना विनेशचा हात थांबायचा. मग पुसायची.

शेवटी एमएफडीत उरलं ते एवढंसं. चिप उघडायची, तिची वाट सगळ्यांना द्यायची आणि आत कोण कोण राहतं ते सांगायचं.

आणि राहिलं भरती-ओहोटीचं गणित. त्याला कर्नेलमध्ये जागाच नव्हती. आणि अनीशला तेच सगळ्यात लाडकं. शिवदासनेच मागितलं होतं, 'भरती कवा ते पेटीनं सांगितलं पायजे,' आणि अनीश खूश होऊन आठवडाभर त्यावर बसला होता. विनेश घरी गेला. बाप उंबऱ्यात बसून जाळं शिवत होता.

"बाबा, तो भरतीचा भाग काढायला लागंल. बाहेर येगळा ठेवीन, पन आत न्हाय."

"काढ ना."

"तुम्हीच मागितलेलं."

शिवदासने सुई थांबवली. "मी रे कशाला बघतोय पेटीत भरती? पेटीला विचारून समुद्रात जायला लागलो तर लोक तोंडात शेण घालतील. तो पोरगा ओकून ओकून पांढरा पडलेला, कायतरी बोलायचं म्हणून बोल्लो. बरं वाटलं त्याला."

"म्हंजे कवा बघितलंच न्हाय?"

"एकदा बघितलं. बरोबर होतं."

नीराबाई आतून हसली, आणि मग हसणं मध्येच थांबलं. विनेश उभाच राहिला. त्यालाही हसायला यायला हवं होतं हे त्याला कळत होतं.

त्याने तुकडे पाठवले. लिहिणारा म्हणून सगळ्यांवर अनीशचं नाव, खाली आपलं. एमएफडीच्या राखणदाराने चुका काढल्या. मोकळ्या जागा चुकल्या, एक नाव चुकलं, एक तुकडा चुकीच्या क्रमाने आला. विनेशने निमूट केलं. मग राखणदाराने एक गोष्ट मागितली जी विनेशला जमेना. ही चिप पुढे कोण सांभाळणार त्याचं नाव हवं. विनेशने अनीशचंच नाव घातलं होतं.

राखणदाराने लिहिलं, लेखक म्हणून त्यांचं नाव राहणारच, ते कोणी काढणार नाही. पण या जागी जो उत्तर देईल त्याचं नाव लागतं.

विनेश काकूंना म्हणाला, "इथं माझं नाव टाकायला सांगतोय."

"मग टाक."

"अनीशचं काढून?"

काकू शेंगा निवडत होत्या. हात थांबला नाही. "फोन आला तर तो घेणार आहे का?"

विनेशने नाव बदललं.

घेतलं गेल्याचा मेल एका रविवारी आला. एकच ओळ, 'घेतलं, आभार.' पाठोपाठ बाकीच्या राखणदारांचेही. विनेशने वाचले, लॅपटॉप मिटला, परत उघडला. काही तरी व्हायला हवं होतं. विहिरीवर देवदत्तकाकांचा पंप चालू होता आणि दादा हातात घड्याळ धरून फाटकाशी उभे होते, आपल्या पाळीची वाट बघत.

"घेतलं काकू."

"नाव आहे?"

"हाय. सगळ्या तुकड्यांत."

"दाखव."

त्याने एकेक फोल्डर उघडून दाखवलं. काकूंनी चष्मा लावला आणि प्रत्येक फाईलच्या डोक्यावरचं नाव बोट ठेवून वाचलं, पहिलीतल्या पोरांच्या वह्या तपासल्यासारखं. शेवटचं वाचून झालं तेव्हा म्हणाल्या, "लांब लांब आहेत रे."

"हां. एका जागी न्हाय राहिलं."

त्या उठून आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. विनेश आत गेला नाही.

सुपारी उतरवायचे दिवस आले तेव्हा एक मेल आला. सरळ विनेशच्या नावाने. कुठल्या तरी दुसऱ्या देशातला माणूस, हीच चिप त्याच्या शेतातल्या पाऊस मोजायच्या यंत्रात. बोट त्याने जन्मात बघितली असेल की नाही देव जाणे. तो म्हणत होता, चार्जरच्या फाईलमध्ये थंडीच्या दिवसांत एक गडबड होते. ही एक ओळ काढा, ही घाला. बघून सांगता का?

काढायची ती ओळ अनीशची होती. जशीच्या तशी. तोडताना विनेशने मुद्दाम ठेवलेली.

त्याच्या तोंडात शिवी आली. कोण हा, कुठला, अनीशच्या फाईलला हात लावणारा. लिहिलं पण होतं त्याने, 'ओळ बरोबर आहे, तुमचं यंत्र बघा.' पाठवायच्या आधी सवयीने कोड वाचला. मग चिपचा कागद काढून थंडीचे आकडे वाचले. श्रीवर्धनात तेवढी थंडी कधी पडत नाही. अनीशला ते दिसायचं कारणच नव्हतं.

दादा पायऱ्या चढून आले, हातात कोयता. "काय झालं? असा का बसलायस?"

"एक मानूस अनीशची ओळ काढा म्हनतोय."

"बरोबर आहे का त्याचं?"

विनेशने चिपचा कागद परत एकदा बघितला.

"हां," तो म्हणाला. आवाज फाटला. "बरोबर हाय."

दादा कोयता भिंतीला टेकवून बाजूला बसले.

विनेशने आधी लिहिलेला मेल पुसला. बाहीने नाक पुसलं. मग त्या अनोळखी माणसाला लिहिलं, बघितलं, बरोबर आहे. आणि खाली आपलं नाव टाकलं.